हर्पीसचा रिपोर्ट: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि मधले सगळे

भिवंडीत हर्पीसची रक्ततपासणी होते ती बहुधा हर्पीसच्या शंकेने नव्हे. ती दुसऱ्याच कशाच्या तरी सोबत येते. एखाद्या बाईचे पाठोपाठ दोन गर्भ टिकले नाहीत की दवाखान्यातून ‘टॉर्च करून आणा’ अशी चिठ्ठी मिळते. काल्हेर-पूर्णाच्या गोदामात पॅकिंग करणारा पोरगा एका रात्रीच्या धास्तीने चौथ्याच दिवशी ‘एसटीडी पॅकेज’ करून घेतो. लग्न ठरलेल्या घरात कुणीतरी शहाणा ‘सगळ्याच टेस्ट करून टाका’ म्हणतो. रक्त नाक्यावरच्या कलेक्शन सेंटरवर दिले जाते, नमुना ठाण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबला जातो आणि एक-दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. त्यात एचएसव्ही या अक्षरांपुढे ठळक छापलेले असते ‘पॉझिटिव्ह’. किंवा त्याहून छळणारे काही: इक्विव्होकल, बॉर्डरलाइन, नुसताच १.३ असा आकडा.

मग घरात जे प्रश्न उभे राहतात, ते लॅबला कुणी विचारलेलेच नसतात. कोणामुळे झाले? कधी झाले? बाळ यामुळेच गेले का? लग्न मोडायचे का? रक्ताची ही तपासणी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही, देऊ शकतही नाही. धूसर रिपोर्ट आला म्हणजे लॅबने गलथानपणा केला असे समजायचे कारण नाही. धूसरपणा हा या चाचणीचा स्वभाव आहे. गलथानपणा असतो तो विनाकारण चाचणी लिहून देण्यात, आणि रिपोर्ट आल्यावर माणसाला वाऱ्यावर सोडण्यात.

आधी विषाणूविषयी, थोडक्यात. हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. पहिला, एचएसव्ही-१, मुख्यतः ओठांवर फोड आणतो. तो बहुतेकांना लहानपणीच, घरच्यांच्या पाप्यांतून आणि लाळेतून मिळतो. दुसरा, एचएसव्ही-२, प्रामुख्याने लैंगिक संबंधातून पसरतो आणि जननेंद्रियांवर फोड आणतो. दोघेही एकदा शिरले की मज्जातंतूंच्या गाठींत कायमचे दडून बसतात. कधी उफाळतात, बहुतेकांमध्ये कधी जाणवतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये, म्हणजे ६४ टक्क्यांमध्ये, एचएसव्ही-१ आहे. १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये एचएसव्ही-२ आहे. नागीण हा वेगळाच आजार. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, आणि रिपोर्टवर ‘हर्पीस’ वाचून ज्यांना आजोबांच्या कमरेवरची नागीण आठवते त्यांनी ती या विषयातून वगळावी.

आता रिपोर्टमधला सर्वांत घातक शब्द: आयजीएम.

आयजीएम म्हणजे ताज्या संसर्गात तयार होणारी प्रतिपिंडे, असे शाळेच्या पुस्तकापासून डॉक्टरांच्या तोंडापर्यंत सगळीकडे ऐकू येते. भिवंडीला तर याचा ताजा अनुभव आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा ताप-पुरळ आलेल्या मुलांचे रक्त घेऊन आयजीएम चाचणीवरच निदान पक्के केले जात होते. गोवरात ते योग्यच होते. हर्पीसमध्ये तोच नियम लावला की घोटाळा होतो. हर्पीसचे आयजीएम जुना संसर्ग पुन्हा उफाळला तरी वाढू शकते. त्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूंमुळे, कांजिण्यांच्या विषाणूमुळेही, खोटे पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि ते प्रकार एक की प्रकार दोन हे नीट सांगू शकत नाही. म्हणून अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, २०२१ च्या लैंगिक आजारांच्या मार्गदर्शिकेत हर्पीससाठी आयजीएम चाचणी करू नये असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही आपल्याकडे ‘एचएसव्ही १+२ आयजीएम’ ही ओळ पॅकेजमध्ये सर्रास असते. ती पॉझिटिव्ह आली की ‘नुकताच संसर्ग’ असा अर्थ निघतो, आणि सहा महिने गावी, आजमगढला किंवा मऊला, असलेल्या बायकोकडे किंवा इथे यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या नवऱ्याकडे बोट वळते. त्या एका ओळीने किती संसार नासले असतील याची नोंद कुठे होत नाही.

ही ओळ पॅकेजमध्ये आली टॉर्चमुळे. टॉर्च हे नाव १९७१ मध्ये आंद्रे नाहमियास या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस आणि इतर: गर्भाला किंवा नवजात बाळाला इजा करणाऱ्या संसर्गांची ती मोट होती. बाळात काही दोष दिसला तर कशाकशाचा विचार करावा, यासाठी ती सोयीची आठवण होती. आपल्याकडे तिचे झाले वारंवार गर्भपाताचे ‘कारण शोधणारे’ पॅकेज. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ च्या मार्गदर्शिकेत सांगून टाकले आहे की वारंवार होणाऱ्या गर्भपातांसाठी सरसकट टॉर्च चाचणी बंद करावी. कारणही साधे आहे: एकामागून एक गर्भ पाडण्यासाठी जंतूला जननमार्गात गुपचूप टिकून राहता यायला हवे, आणि या यादीतले जंतू त्या कसोटीला उतरत नाहीत. म्हणजे ‘टॉर्च पॉझिटिव्ह आली म्हणून मूल गेले’ हे वाक्य, जे भिवंडीत शांतीनगरपासून पद्मानगरपर्यंत बायका वर्षानुवर्षे उरात बाळगून असतात, ते बहुतेक वेळा निराधार असते. गंमत अशी की त्याच रिपोर्टमध्ये रुबेलाचे आयजीजी, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे, पॉझिटिव्ह असेल तर ती उलट चांगली बातमी असते, संरक्षण आहे असा तिचा अर्थ. पण ठळक अक्षरांत तेही तितक्याच भीतिदायक पद्धतीने छापलेले असते.

हर्पीसपासून बाळाला धोका नसतोच असे मात्र नाही. तो आहे, आणि त्याची वेळ वेगळी आहे. आईला गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात, प्रसूतीच्या जवळ, पहिल्यांदाच जननेंद्रियांचा हर्पीस झाला तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के मानली जाते. जुना, वारंवार उफाळणारा हर्पीस असेल तर ती एक टक्क्याहून कमी असते, कारण आईची प्रतिपिंडे बाळाला आधीच मिळालेली असतात. थोडक्यात, जुने आयजीजी पॉझिटिव्ह असणारी आई बाळाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित बाजूला असते. तिला वारंवार फोड येत असतील तर डॉक्टर ३६ व्या आठवड्यापासून ॲसायक्लोव्हिर देतात आणि कळा सुरू होताना फोड दिसले तर सिझेरियन करतात. हे सगळे ठरते डोळ्यांनी पाहून आणि विचारपूस करून, टॉर्चच्या कागदावरून नव्हे.

आयजीएम बाजूला ठेवले की उरते आयजीजी. ही चाचणी कामाची आहे, पण नीट वाचली तर. सर्वप्रथम पाहायचे ते हे की रिपोर्ट प्रकारनिहाय आहे का. ‘एचएसव्ही १+२ आयजीजी पॉझिटिव्ह’ असा एकत्र निकाल असेल तर त्याची किंमत फारशी नाही. लहानपणीचा ओठांवरचा फोडही त्यात मोजला जातो. दोन प्रकारांची बरीचशी प्रथिने सारखी असतात. त्यांना वेगळे करता येते ते ग्लायकोप्रोटीन जी या एका प्रथिनावरून, आणि त्यावर आधारलेल्या चाचण्याच प्रकार एक आणि प्रकार दोन वेगळे सांगू शकतात. एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह असेल तर त्यावरून तो ओठांवर आहे की खाली, हेही कळत नाही; हल्ली जननेंद्रियांवरही प्रकार एक सापडतो. आणि एचएसव्ही-१ निगेटिव्ह असेल तरी तो नसेलच अशी हमी नाही, कारण ही चाचणी दहापैकी सुमारे तीन जुने संसर्ग हुकवते.

प्रतिपिंडे सापडणे म्हणजे कामवारी नदीचा पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेल्या रेघेसारखे. पाणी आले होते एवढे ती सांगते. कोणत्या पावसात आले, कुठल्या नाल्यातून आले, हे रेघेवरून ठरत नाही. आणि रिपोर्टमधला आकडा, म्हणजे इंडेक्स, मोठा म्हणजे आजार मोठा, असेही नाही. १२ इंडेक्सवाल्याला आयुष्यात एकही फोड आलेला नसतो आणि ४ वाल्याला वर्षाला चार वेळा येतात.

मग १.३ चे काय करायचे? आयजीजी मोजणाऱ्या प्रचलित एलिसा किटमध्ये साधारणपणे ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह आणि मधले इक्विव्होकल असे धरतात. गोंधळ खरा सुरू होतो तो १.१ च्या वर. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वेस्टर्न ब्लॉट ही पक्की चाचणी केली जाते. तिथे पडताळणीसाठी आलेल्या, एचएसव्ही-२ एलिसा पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी जवळपास निम्मेच पक्क्या चाचणीत टिकले. तिथे शंका असलेलेच नमुने पाठवले जातात, हे लक्षात घेऊनही आकडा धक्कादायक आहे. त्यातही ३ पेक्षा कमी इंडेक्स असलेले सर्वाधिक कोसळले. म्हणून सीडीसी म्हणते की ३ च्या खालचा पॉझिटिव्ह हा निकाल मानू नये, दुसऱ्या पद्धतीने त्याची खातरजमा करावी. आफ्रिकेतल्या काही देशांत हेच किट आणखी जास्त खोटे पॉझिटिव्ह देत होते, तेव्हा संशोधकांनी सीमारेषाच वर सरकवली. हे आकडे विशिष्ट किटचे आहेत. भिवंडीतला नमुना दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या किटवर तपासला गेला असेल तर रिपोर्टच्या तळाशी छापलेली त्याची स्वतःची सीमारेषा पाहावी लागते. पण ‘काठावरचा पॉझिटिव्ह’ कुठल्याही किटवर काठावरचाच असतो.

या खोट्या पॉझिटिव्हमागे गणित आहे आणि ते समजले तर निम्मी भीती जाते. समजा, लक्षण काहीच नसलेल्या १००० जणांची चाचणी केली आणि त्यांच्यापैकी ५० जणांना खरोखर संसर्ग आहे. चाचणी ९५ टक्के अचूक आहे, दोन्ही बाजूंनी. मग ५० पैकी सुमारे ४७ जण पकडले जातील. आणि उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी ५ टक्के, म्हणजे पुन्हा ४७ जण, खोटे पॉझिटिव्ह ठरतील. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्यांना आजार नाहीच! आता याच्या शेजारी महाराष्ट्रातलाच एक खरा अभ्यास ठेवू. १९९० च्या दशकात पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या २७३२ एचआयव्ही-निगेटिव्ह रुग्णांची तपासणी केली. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांना एचएसव्ही-२ होता. तशा १००० जणांवर तीच ९५ टक्के अचूक चाचणी लावली तर खरे पॉझिटिव्ह सुमारे ४०८ आणि खोटे सुमारे २८. म्हणजे तोच कागद, तोच आकडा, तेच यंत्र. पण गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या, जखमा होऊन गेलेल्या माणसाच्या हातात तो जवळजवळ खरा, आणि लग्नाआधी ‘सगळ्याच टेस्ट’ करणाऱ्या मुलीच्या हातात तो चित की पट. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, लक्षणे नसलेल्या कुणाचीही, गरोदर स्त्रियांचीही, सरसकट हर्पीसची रक्ततपासणी करू नये असा सल्ला दिला, त्यामागे हेच आहे.

त्या पुण्याच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली, ती विसरू नये. नुकताच एचएसव्ही-२ झालेल्यांना एचआयव्ही होण्याचा धोका जवळजवळ चौपट दिसला, जुना संसर्ग असलेल्यांना सुमारे पावणेदोन पट. हर्पीस क्षुल्लक आहे असे म्हणायचे नाही. हनुमान टेकडीच्या वेश्यावस्तीतल्या बाईसाठी किंवा घरापासून दूर, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळ्यांनी झोपणाऱ्या कामगारासाठी फोड आणि एचआयव्ही यांचा हा संबंध खरोखर जीवनमरणाचा आहे. म्हणूनच ज्यांना फोड आहे त्यांच्याकडे लक्ष आणि पैसा गेला पाहिजे. तो निरोगी नवरदेवाच्या पॅकेजवर जातो.

निगेटिव्हचेही तसेच. गोदामातल्या त्या पोराचा चौथ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट काहीच सांगत नाही. प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडे लागतात. बारा आठवड्यांनी, कधी सोळाने, केलेल्या चाचणीलाच अर्थ असतो.

फोड असेल तर मात्र रक्ताकडे वळायचे कारणच नाही. ताज्या फोडातला द्रव स्वॅबवर घेऊन पीसीआर केली तर हर्पीस आहे का आणि असल्यास कुठल्या प्रकाराचा, हे दोन्ही कळते. फोड वाळण्याआधी, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत, हे व्हायला हवे. पीसीआर परवडत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ झँक स्मिअर करतात: फोडाचा तळ खरवडून काचेवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी शोधायच्या. प्रकार त्यातून कळत नाही, पण स्वस्त आणि झटपट आहे. अनुभवी डॉक्टरच्या डोळ्याचा उपयोग आणखी एका कारणाने होतो: जननेंद्रियावरची प्रत्येक जखम हर्पीस नसते. सिफिलिस असू शकतो. खरूज असू शकते. अंगदुखीची किंवा जुलाबाची गोळी घेतल्यावर दर वेळी त्याच जागी काळपट चट्टा उठतो, तीही गोष्ट आपल्याकडे कमी नाही; आणि तिथे हर्पीसचे आयजीजी योगायोगाने पॉझिटिव्ह निघाले की खरे कारण, ती गोळी, खिशातच राहते.

सरकारी व्यवस्थेने हा प्रश्न केव्हाच वेगळ्या वाटेने सोडवला आहे, आणि ते फारसे कुणाला माहीत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षण पाहून उपचार करतात आणि औषधांची रंगीत किटे देतात. फोडांसाठी लाल किट, पाच नंबरचे: ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. फुकट. सोबत सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी. हर्पीसची रक्ततपासणी त्यात नाही, आणि तिची गरजही भासलेली नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर याहूनही कडक शिस्त आहे. लक्षण नसलेल्या माणसाचे रक्त तीन वेगवेगळ्या किटवर तपासल्याशिवाय पॉझिटिव्ह लिहीत नाहीत, निकाल जुळला नाही तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, आणि निकाल सांगायला समुपदेशक समोर बसलेला असतो. हर्पीसचा काठावरचा निकाल मात्र रात्री अकराला, माग चालू असताना, मोबाइलवर येऊन पडतो. एकाच शहरात, एकाच माणसाच्या दोन रक्तनमुन्यांना इतकी वेगळी वागणूक मिळते.

कागद घरात थांबला तरी पुरे. तो वकिलाकडे गेला की आणखी बिघडते. हिंदू विवाह कायद्यात संसर्गजन्य गुप्तरोग हे घटस्फोटाचे एक कारण आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यातही पत्नीला नवऱ्याच्या तीव्र गुप्तरोगावरून तलाक मागता येतो. पण आयजीजीचा रिपोर्ट ‘आज संसर्गजन्य आहे’ हे सिद्ध करत नाही, तो कुठून आला हेही नाही. संसर्ग लग्नाच्या दहा वर्षे आधीचा असू शकतो. ज्याला तो आहे त्यालाही बहुधा ठाऊक नसते: अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एचएसव्ही-२ असलेल्या दर दहापैकी जवळपास नऊ जणांना कधी निदानच झालेले नव्हते. अशा कागदावर बेवफाईचा खटला उभा करणे म्हणजे अन्याय आहे, दुसरा शब्द नाही.

पक्का, ३ च्या वरचा, प्रकारनिहाय एचएसव्ही-२ पॉझिटिव्ह आला, तर? तर आयुष्य संपत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४८४ जोडप्यांवरच्या औषध-चाचणीत, ज्यांत प्रत्येक जोडप्यातल्या एकालाच एचएसव्ही-२ होता, रोज व्हॅलासायक्लोव्हिरची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ४८ टक्क्यांनी घटला. निरोधने धोका आणखी कमी होतो, फोड आलेला असताना संबंध टाळल्याने आणखी. मुले होतात, निरोगी होतात.

रक्ततपासणी अजिबात नको, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पुन्हा पुन्हा फोड येतात पण स्वॅब निगेटिव्ह आहे, किंवा जोडीदाराला पक्का हर्पीस आहे आणि आपल्याला आहे का हे ठरवायचे आहे, अशा ठिकाणी प्रकारनिहाय आयजीजी उपयोगाची आहे. त्यापलीकडे, भिवंडीतल्या लॅबचालकांना आणि डॉक्टरांना एवढेच सांगणे: टॉर्चच्या पॅकेजमधून हर्पीसचे आयजीएम काढून टाका, एकत्र ‘१+२’ निकाल देणे बंद करा, आणि काठावरच्या पॉझिटिव्हखाली ‘खातरजमा आवश्यक’ ही ओळ मराठी, हिंदी आणि उर्दूत छापा. आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये असा रिपोर्ट आत्ता पडून आहे त्यांनी तो सासरी-माहेरी पाठवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. इंडेक्स ३ च्या खाली असेल तर बारा आठवड्यांनी, शक्यतो वेगळ्या पद्धतीने, चाचणी पुन्हा करावी. आणि फोड आलाच तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरक्षा क्लिनिक गाठावे. लाल किट तिथे मिळते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.